गर्भारपणातील आहार आणि बाळाच्या चयापचयाचे आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत गर्भवतींना आहारसल्ला देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात लागत असेल तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांचे प्रमाण ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

१. मधुमेह आमच्या घराण्यातच आहे. मग मी नऊ महिने काय खाते याने बाळाला काय फरक पडणार?

घराण्यातून जनुके येतात हे खरेच आहे; परंतु ती ज्या शरीरात काम करणार, ते शरीर गर्भाशयात घडते आणि घडताना हाताशी असलेल्या सामग्रीप्रमाणे घडते. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रचना साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि त्यानंतर त्यांची संख्या आयुष्यात कधी वाढत नाही. पोषण अपुरे पडले की गर्भ आधी मेंदूची सोय लावतो आणि काटकसर स्नायू, स्वादुपिंड व मूत्रपिंडांच्या वाट्याला येते. याउलट आईच्या रक्तात साखर जास्त असेल, तर ती वारेतून थेट बाळाकडे जाते. आईचे इन्शुलिन मात्र वार ओलांडत नाही, त्यामुळे बाळाच्या स्वादुपिंडाला स्वतःच जास्त इन्शुलिन तयार करावे लागते आणि त्या इन्शुलिनमुळे चरबी साठते.

जनुके आणि गर्भाशय यांचा वाटा वेगळा कसा काढायचा, याचे सुरेख उत्तर अमेरिकेतील ॲरिझोनामधल्या पिमा आदिवासींच्या अभ्यासातून मिळाले. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेले मूल आणि मधुमेह झाल्यानंतर जन्मलेले त्याचेच सख्खे भावंड यांची तुलना केली, तेव्हा नंतरच्या भावंडाला मधुमेहाचा धोका स्पष्टपणे जास्त दिसला. आईवडील तेच होते, गर्भाशयातील परिस्थिती तेवढी बदललेली होती.

२. हे सगळे परदेशी संशोधन आहे ना? आपल्याकडे ते लागू होते का?

सुरुवात परदेशात झाली. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन वहीत टिपत असत. डेव्हिड बार्कर यांच्या गटाने त्या वह्यांतील माणसांचा माग काढला आणि जन्मवजन जितके कमी, तितका हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका जास्त, असे १९८९ मध्ये दाखवले. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला आणि माणशी रोजचा शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात पोटात असलेल्या मुलांत पन्नाशीला ग्लुकोज पचवण्याची क्षमता कमी आढळली. साठ वर्षांनंतरही त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरील रासायनिक खुणा (जनुक किती काम करणार हे ठरवणाऱ्या) त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या. त्याच महायुद्धात रशियातील लेनिनग्राड शहराला पडलेल्या वेढ्यातही उपासमार झाली, पण तेव्हा पोटात असलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. त्याचे एक स्पष्टीकरण असे की, नेदरलँड्समध्ये दुष्काळानंतर लगेच सुबत्ता आली आणि लेनिनग्राडमध्ये ती आली नाही. टंचाईसाठी घडलेले शरीर सुबत्तेत वाढले की बिघाड होतो, हा विचार आपल्या शहरांना फार लागू पडतो.

आणि आपल्याकडचा पुरावा काही कमी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो पाठपुरावा केला, तो जगभर उद्धृत केला जातो. त्यातील निष्कर्ष पुढे प्रश्न ३, ४ आणि ६ मध्ये येतील.

जाता जाता: या विद्याशाखेच्या इंग्रजी नावाचे (डेव्हलपमेंटल ओरिजिन्स ऑफ हेल्थ अँड डिसीज) लघुरूप 'डोहॅड' असे उच्चारतात. संस्कृतात गर्भवतीच्या इच्छेला 'दोहद' म्हणतात आणि आपले 'डोहाळे' त्यातूनच आले. योगायोगच, पण जपून ठेवावा असा.

३. सोनोग्राफीत बाळ बारीक दिसते. बारीक बाळाला पुढे मधुमेहाची भीती कमीच असेल ना?

नाही, आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. पुण्याच्या अभ्यासातील माता गर्भारपणापूर्वी सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या आणि त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची होती. त्यांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सुमारे ३.५ किलोच्या बाळांशी करण्यात आली. आपली बाळे स्नायू, पोटातील अवयव आणि डोक्याचा घेर यांत लहान होती. पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र जवळपास तेवढीच होती. म्हणजे काट्यावर हलके, पण वजनाच्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी. याला 'बारीक-चरबीयुक्त बाळ' म्हणतात. स्नायू हेच साखर वापरण्याचे मुख्य ठिकाण असल्याने अशा बाळाला पुढे थोडे वजन वाढले तरी इन्शुलिन पुरे पडत नाही. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाला तिशी-चाळिशीतच मधुमेह का गाठतो, याच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

त्यामुळे 'बाळ किती किलोचे झाले' हा बारशाला विचारायचा प्रश्न म्हणून ठीक आहे. पुढच्या आरोग्याचे माप म्हणून तो अपुरा आहे.

४. सासूबाई म्हणतात, दोन जिवांची आहेस, दुप्पट खा. आई म्हणते, बेताने खा, नाहीतर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल. कोणाचे ऐकू?

आकडा ऐकावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि वाटीभर दही यांत त्या भरून येतात. प्रथिनांची गरज मात्र त्या मानाने बरीच जास्त वाढते: दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम अधिक. 'दुप्पट खा' ऐकून घरात भात, शिरा आणि तूप वाढते. डाळ, अंडे, दूध आणि पालेभाजी तेवढीच राहते. पुण्याच्या अभ्यासात बाळाच्या आकाराशी संबंध दिसला तो एकूण कॅलरींचा नाही, तर पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा.

बाळंतपण सोपे जावे म्हणून मुद्दाम कमी खाणे हेही चूक आहे. बाळाचे डोके अडणार की नाही हे त्याने खात्रीने ठरत नाही. उपासमारीची काटकसर मात्र बाळाच्या शरीरात कायमची राहते (प्रश्न १).

५. नऊ महिन्यांपैकी कोणता काळ सर्वांत महत्त्वाचा?

पाळी चुकण्याच्या आधीचा. हे उत्तर बहुतेकींना आवडत नाही, कारण त्या येतात तेव्हा चौथा-पाचवा महिना सुरू झालेला असतो. वार रुजणे आणि अवयवांचा पाया घालणे ही कामे पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच होतात. मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'सारस' नावाच्या प्रकल्पात साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक नाश्त्याचा पदार्थ दिला गेला. तो दिसायला समोसा-भजीसारखा असे. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळे आणि दूध होते, तर दुसऱ्या गटाच्या पदार्थात कांदा-बटाट्यासारख्या कमी पोषक भाज्या. सर्व स्त्रिया मिळून पाहिले, तर जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाणाऱ्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली. ४८ ग्रॅम कोणाला क्षुल्लक वाटतील. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, पोषक नाश्ता खाणाऱ्या गटात गर्भारपणातील मधुमेह ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळला.

याचा अर्थ पाचव्या महिन्यात काही उरत नाही असा नाही. बाळाची चरबी प्रामुख्याने शेवटच्या तिमाहीत साठते आणि त्या काळातील साखरेवर बरेच काही अवलंबून असते (प्रश्न ८).

६. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. बाळाला काही कमी पडेल का?

प्रथिने डाळ-उसळ आणि दुधातून भरून काढता येतात; खरा प्रश्न बी-१२ जीवनसत्त्वाचा आहे. ते धान्य, भाजी, फळ यांत नसते. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे आणि मांस यांतच असते. दिवसातून दोन वेळा चहापुरते दूध घेणे म्हणजे दूध घेणे नव्हे. पुण्याच्या अभ्यासात बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच गोळीतील रूप) मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध, म्हणजे इन्शुलिन असूनही त्याचा नीट परिणाम न होणे, सर्वांत जास्त दिसला. बी-१२ आणि फोलेट मिळून जनुकांवरील रासायनिक खुणा ठरवणारी प्रक्रिया चालवतात. त्यातील एक चाक अडकले तर दुसरे जोरात फिरवून उपयोग होत नाही.

शाकाहारी स्त्रीने गर्भधारणेचा विचार करतानाच बी-१२ तपासून घ्यावे. कमतरता असेल तर ती नुसत्या आहाराने भरून येण्याची वाट पाहू नये; गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील.

७. मग फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू का?

मुळीच नाही. ती गोळी बाळाच्या पाठीच्या कण्यातील आणि मेंदूतील गंभीर दोष टाळते आणि तो फायदा निर्विवाद आहे. प्रश्न ६ वाचून घाबरून गोळी थांबवलेल्या दोघी-तिघी मला भेटल्या आहेत, म्हणून हे वेगळे लिहावे लागले. उपाय फोलेट कमी करणे हा नाही, बी-१२ वाढवणे हा आहे. सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी १८० दिवस देतात. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, कारण दोन्हींमुळे लोह कमी शोषले जाते.

८. आमच्या घरात कोणाला मधुमेह नाही. तरी डॉक्टर साखरेची चाचणी करायला सांगतात, तीही उपाशीपोटी नाही. बरोबर आहे का?

बरोबर आहे. भारतीय स्त्रियांमध्ये धोका मुळातच जास्त असल्याने राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गर्भवतीची चाचणी व्हावी: एकदा पहिल्याच भेटीत आणि ती सामान्य आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात; १४० मिलिग्रॅम किंवा जास्त आल्यास गर्भारपणातील मधुमेह धरतात. पोटात काही असो वा नसो, चाचणी करता येते, त्यामुळे लोकलने लांबून येणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे लागत नाही. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात.

१३९ म्हणजे निर्धोक आणि १४१ म्हणजे संकट, असे मात्र समजू नये. अनेक देशांतील सुमारे २५ हजार गर्भवतींच्या अभ्यासाने २००८ मध्ये दाखवले की, आईची साखर जशी वाढते तसे बाळाचे वजन आणि नाळेतील इन्शुलिन सलग वाढत जाते. मध्ये कोठेही पायरी नसते.

९. साखर १४८ आली. आता भात बंद करायचा का?

भात बंद केल्याने काय होते ते एका वहीवरून सांगते. कळव्याहून महापेला नोकरीला जाणारी, पाचव्या महिन्यातली स्त्री. तिने तीन दिवसांचे खाणे लिहून आणले होते: सकाळी साडेसहाला चहा आणि चार बिस्किटे; नऊला डब्यातले पोहे; दीडला डब्याच्या खालच्या कप्प्यात दाबून भरलेला भात, मधल्यात पातळ वरण, वरच्यात बटाट्याच्या काचऱ्या; सहाला ठाणे स्टेशनबाहेर वडापाव; रात्री दहाला पुन्हा वरणभात. भाताची बदनामी झाली, पण पाहा: बिस्किटे मैदा, पोहे तांदूळ, काचऱ्या बटाटा, वड्यात बटाटा आणि भोवती पाव. दिवसभरात पाच वेळा पिष्टमय पदार्थ आणि सोबत प्रथिन नावापुरते.

आम्ही भात काढला नाही. डब्याचे कप्पे बदलले. भात वरच्या लहान कप्प्यात गेला. खालच्या मोठ्या कप्प्यात मटकीची किंवा चवळीची उसळ आली आणि मधल्यात पालेभाजी. वरण घट्ट झाले, बिस्किटांच्या जागी उकडलेले अंडे आणि वड्याच्या जागी भाजलेले चणे आले. जेवताना आधी भाजी-उसळ आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालणे सुरू केले. दोन आठवड्यांत जेवणानंतरची साखर १२० च्या खाली आली. सगळ्यांची येईलच असे नाही. नाही आली तर औषध किंवा इन्शुलिन लागते आणि त्यात आईचा काही दोष नसतो.

उपचाराने बाळंतपणातील गुंतागुंत कमी होते, हे चांगले सिद्ध झाले आहे. मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत त्याच्या वजनात मात्र तसा फरक दिसलेला नाही. म्हणूनच प्रश्न ५ मधील 'आधी' हा शब्द मी सोडत नाही.

१०. मार्गशीर्षातले गुरुवार, चतुर्थी, नवरात्र: गर्भारपणात उपवास चालतील का?

श्रद्धेबद्दल बोलणे माझे काम नाही, ताटाबद्दल बोलते. साबुदाणा हे जवळपास निव्वळ पिष्ट आहे आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी व वर केळे असा उपवास म्हणजे साखरेच्या दृष्टीने मेजवानीच. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, दही, ताक, फळ असे चार-पाच वेळा थोडे थोडे खाल्ले तर उपवास सोसतो. निर्जळी किंवा दिवसभर काहीच न खाणारा उपवास टाळावा. गर्भवतीच्या शरीरात उपाशीपोटी कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) लवकर वाढतात. मधुमेह असेल किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये.

११. आम्ही आगरी-कोळी. घरात रोज मासळी असते. ती उष्ण पडते का?

मासळी 'उष्ण' म्हणून बंद करण्यास कोणताही आधार नाही. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील यांत प्रथिने, बी-१२ आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात आणि तारली तर खिशालाही परवडते. मोरी म्हणजे लहान शार्क, आणि मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांच्यात पारा साठतो. सुके मासे आणि जवळा खाताना मीठ लक्षात ठेवावे. रक्तदाब वाढलेला असेल तर ते बाजूला ठेवावेत. तांदळाच्या भाकरीची संख्या मात्र मोजावी (प्रश्न ९).

१२. फळे, दूध, अंडी रोज परवडत नाहीत. काय करावे?

शेंगदाणे, चणे, मूग, मसूर, नाचणी आणि त्या दिवशी बाजारात स्वस्त असेल ती पालेभाजी. माठ, चवळई आणि शेपू यांना कोणी 'सुपरफूड' म्हणत नाही म्हणूनच त्या स्वस्त आहेत. अंगणवाडीत नाव नोंदवल्यावर गर्भवतीला पूरक आहार मिळतो. शहापूरसारख्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण मिळते. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत ५००० रुपये मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. प्रश्न ८ मधील चाचणीबद्दल तेथे आवर्जून विचारावे.

१३. बाळ २.२ किलोचे जन्मले. आता भरपूर भरवून वजन लवकर भरून काढू का?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि डॉक्टरांकडे नियमित वजन. पहिल्या दोन वर्षांतील वाढ, विशेषतः उंचीची, हवीच आहे. धोका पुढच्या टप्प्यात आहे. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्यांचा जो पाठपुरावा झाला, त्यात ज्यांना पुढे मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आली, ते तान्हेपणी बारीक होते आणि दोन ते बारा वर्षांच्या दरम्यान इतरांच्या तुलनेत भराभर वजनदार होत गेले होते. त्यांतील बहुतेक बालपणी लठ्ठ म्हणावेत असेही नव्हते. म्हणून 'बाळसे धरू दे' म्हणून साखर घातलेले दूध, बिस्किटांची खीर आणि डबाबंद पेये देऊ नयेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९५३ मध्ये साखरेचे रेशनिंग उठले. त्याच्या आधी आणि नंतर पोटात किंवा तान्हेपणात असलेल्यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा रेशनिंगच्या काळातील गटात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा एकट्या गर्भारपणाचा होता, उरलेला जन्मानंतरच्या महिन्यांचा. गर्भारपणात काही राहून गेले असे वाटणाऱ्या आईसाठीही हेच उत्तर आहे.

१४. सगळे आईनेच करायचे का? वडिलांच्या खाण्याचा काही परिणाम नाही?

वडिलांचा आहार आणि लठ्ठपणा शुक्रपेशींवरील रासायनिक खुणांमधून पुढे जाऊ शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांतील पुरावा अजून तेवढा पक्का नाही. पण घरात डाळ किती शिजते आणि अंडी कोण आणतो, याला शास्त्राची वाट पाहण्याची गरज नाही. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणाऱ्या गर्भवतीला कितीही तक्ते दिले, तरी तिच्या ताटात उसळ येत नाही.

१५. मला थॅलेसीमिया मायनर आहे. वरचे सगळे तसेच लागू होते का?

आहाराचा भाग होय. थॅलेसीमिया मायनर ही हिमोग्लोबिनची आनुवंशिक, सौम्य स्थिती आहे; त्यामुळे दोन बाबी वेगळ्या. लोहाची गोळी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासूनच घ्यावी, कारण या स्थितीत हिमोग्लोबिन कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीवर विसंबू नये. ती येथे फसवी ठरू शकते, म्हणून प्रश्न ८ मधील ग्लुकोजची चाचणीच करावी.

१६. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर चक्कर आली, घाम फुटला.

बायपास प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर गोड पाणी आतड्यात एकदम उतरते आणि असे होते. डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल आधीच सांगावे. ते चाचणीऐवजी काही दिवस घरी साखर मोजायला सांगतील. बी-१२, लोह आणि कॅल्शियमची कमतरता अशा स्त्रियांत जास्त असते. दिलासा असा की, कॅनडातील एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर जन्मलेली मुले त्याच आईच्या आधीच्या मुलांपेक्षा कमी लठ्ठ होती.

१७. दात्याच्या बीजांडातून गर्भधारणा झाली आहे. जनुके माझी नाहीत, मग माझ्या आहाराचा काय संबंध?

संबंध पूर्ण आहे. १९३८ मध्ये इंग्लंडात शायर जातीचा प्रचंड घोडा आणि शेटलँड जातीचे ठेंगणे तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला गेला. दोन्हीकडे जनुके निम्मी-निम्मी होती, तरी शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू तट्टाणीच्या पोटी जन्मलेल्यापेक्षा कितीतरी मोठे निघाले. बीजांड कोणाचेही असो, वारेतून जाणारी साखर, बी-१२ आणि लोह तुमच्या रक्तातूनच जाते. अशा गर्भधारणांत जुळी असण्याची शक्यताही जास्त असते. जुळ्यांचे कमी वजन बरेचसे जागा आणि वेळ वाटून घेतल्याने असते, म्हणून प्रश्न ३ आणि १३ मधील वजनाचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत.